थोरियमचा चातुर्मास

आमच्या घरी उजेड भाड्यानं मिळत असे. भाईंदरहून राईकडे जाणाऱ्या रस्त्यावर, मिठागरं लागायच्या जरा अलीकडे एक कौलारू चाळ होती आणि तिच्या टोकाच्या दोन खोल्यांत आम्ही राहत होतो. पुढच्या खोलीत आडव्या वाशाला गॅसबत्त्या ओळीनं टांगलेल्या असत. त्यांच्याखालून वाकून जायची मला इतकी सवय झाली होती की शाळेत, देवळात, कोणाच्याही दारातून आत शिरताना मी आपोआप मान खाली घालायची आणि लोकांना वाटायचं, मुलगी फार नम्र आहे. घरातल्या प्रत्येक वस्तूला रॉकेलचा वास होता. पुस्तकांना होता, उशांना होता, आईच्या लुगड्यांना होता. आई रत्नागिरीकडची. कुळथाच्या पिठीला लसणाची अशी झणझणीत फोडणी द्यायची की शेजारी खोकत बाहेर यायचे, पण पहिला घास घेताना तीच म्हणायची, "फोडणी मी लसणाची देते, वास मात्र ह्यांच्या धंद्याचा येतो." अण्णा, म्हणजे माझे वडील, हे कौतुक समजून मान डोलवत आणि अजून भात मागत.

अण्णांच्या बत्त्या लग्नांना जात, हळदीला जात, गावच्या जत्रेला जात. राई, मुर्धा, उत्तन, इकडे काशीगावापर्यंत त्यांचं गिऱ्हाईक होतं. वीज आलेली होती, पण ऐन अंतरपाट धरला की ती हमखास जायची, त्यामुळे शहाणी माणसं विजेची माळ लावूनही अण्णांच्या चार बत्त्या सांगून ठेवत. संध्याकाळी अण्णा अंगणात पोतं अंथरून बसत आणि एकेक बत्ती तयार करत. आधी पितळी टाकी पुसायची, मग पिन काढून फुंकायची, मग मेंटल बांधायचं. मेंटल म्हणजे रेशमी दोऱ्याची विणलेली बोटभर पिशवी. दिसायला बाहुलीच्या मोज्यासारखी. ती दोऱ्यानं बत्तीच्या तोंडाला बांधायची आणि पेटवायची. वास असा यायचा की मांजरसुद्धा उठून जायचं. पिशवी जळून आक्रसायची, रेशीम सगळं नाहीसं व्हायचं आणि मागे उरायची नुसती पांढरी राख, पण पिशवीच्याच आकारात, वीण न् वीण शाबूत. मग अण्णा पंप मारायचे, सूंऽ असा आवाज सुरू व्हायचा आणि ती राख डोळ्यांना बघवणार नाही इतकी पांढरी पेटायची. मात्र तिला बोट लावलं की संपलं. पीठ व्हायचं. बत्ती डोक्यावर घेऊन वरातीत चालणाऱ्या माणसाला अण्णा एकच सूचना देत, "नाच कितीही आला तरी नाचायचं नाही."

त्या राखेत थोरियम होतं, हे तेव्हा आमच्या घरात कोणाला ठाऊक नव्हतं. पुढे आयुष्यभर मी शाळेत रसायनशास्त्र शिकवलं आणि दरवर्षी थोरियमपाशी आले की माझा तास लांबायचा, मुलं एकमेकांना कोपरानं ढोसायची. या मूलद्रव्याचा जन्मच गमतीचा आहे. उत्तरेकडच्या थंड मुलखातल्या एका रसायनशास्त्रज्ञाला एका दगडात नवं मूलद्रव्य सापडल्यासारखं वाटलं. त्यानं हौसेनं त्याला तिकडच्या गडगडाट करणाऱ्या देवाचं नाव दिलं. काही वर्षांनी कळलं की ते नवं नव्हतंच. जुन्याच मूलद्रव्याचा एक क्षार होता. नाव तेवढं शिल्लक राहिलं. पुढे नॉर्वेतल्या एका बेटावर सापडलेला जड काळा दगड त्याच्याकडे तपासायला आला, त्यात खरोखरच नवं काही होतं, तेव्हा त्यानं तेच जुनं नाव काढून याला चिकटवलं. आमच्या नात्यात एका बाईनं मुलगा होणार म्हणून नाव ठरवून ठेवलं होतं, झाली मुलगी, आणि पुढच्या खेपेला तेच नाव वापरलं, त्यातलाच हा प्रकार. नाव मिळालं पण काम मिळेना. कितीतरी वर्षं या थोरियमचा कोणाला काही उपयोग नव्हता. मग कोणीतरी त्याच्या क्षारात कापडाची जाळी भिजवून जाळली, आणि जगभरच्या रस्त्यांवर, घरांत पांढरा उजेड पडला. तेव्हा थोरियमला एकदम मागणी आली आणि ते कुठे कुठे मिळतं याचा शोध सुरू झाला. केरळाकडून जर्मनीत गेलेल्या काथ्याला चिकटलेली वाळू एका तज्ज्ञानं झटकून पाहिली तर तिच्यात मोनाझाइट, म्हणजे थोरियमचं खनिज. दोर विकायला काढले आणि वाळूला भाव आला. आईच्या माहेरच्या किनाऱ्यावरही काळी वाळू आहे. तिच्यात थोरियम कितपत ते मला माहीत नाही, पण लहानपणी तिथून खेळून आले की आई दारातच पाय धुवायला लावायची, तेव्हा ती शास्त्राला धरूनच वागत होती म्हणायची.

आता मुख्य गोष्टीकडे येते. आईचा धाकटा भाऊ, वसंतमामा, आमच्याच चाळीत पुढच्या बाजूला फोटो स्टुडिओ चालवायचा. स्टुडिओ म्हणजे एक खोली, तिच्या भिंतीवर रंगवलेला ताजमहाल आणि मागची मोरी, जिला तो डार्करूम म्हणायचा. अण्णांची बत्ती ज्या लग्नाला जाई त्या लग्नाला मामाचा कॅमेरा जाई. दोघांचा धंदा चातुर्मासात बसायचा. आषाढी एकादशी झाली की लग्नं बंद, ती तुळशीचं लग्न लागेपर्यंत. अण्णा बत्त्या तेलपाणी करून वर टांगून ठेवत आणि चार महिने किरकोळ दुरुस्तीची कामं करत. मामा ताजमहालासमोर डुलक्या काढायचा. त्या दिवसांत खाडीवरून असा दमट वारा यायचा की मीठ ओलं, काडेपेटी ओली, पापड कधी कुरकुरलाच नाही. त्यात अण्णांच्या मेंटलची पाकिटं आणि मामाचे उरलेले फिल्मचे रोल यांना जपणं हे आईचं काम. तिच्याकडे माहेरून आलेली एक पत्र्याची ट्रंक होती, ती माझ्या खाटेखाली असे. झाकणाला रबराची पट्टी लावून तिनं ती अशी बंदिस्त केली होती की आत मुंगीसुद्धा शिरू नये. खाली तिचा लग्नातला शालू, वर कडुनिंबाचा पाला, वर मेंटलची पाकिटं. त्या वर्षी मामाचा मोठा रोल तिनं काळ्या कागदात गुंडाळून मेंटलच्या गठ्ठ्यांच्या अगदी मधोमध खोचला. "रेशमात राहील, ऊब मिळेल," असं ती म्हणाली. ट्रंक बंद झाली आणि आमच्या घरात, कोणाच्या गावीही नसताना, विज्ञानाचा एक प्रयोग चार महिने शांतपणे चालू राहिला.

तुळशीचं लग्न लागलं आणि पहिलंच लग्न राईचं आलं. महादू पाटलांच्या जयवंतीचं. महादू पाटील अण्णांचे जुने गिऱ्हाईक. सुगीत आमच्याकडे वालाच्या शेंगा पाठवायचे, पावसाळ्यात खाडीच्या चिखलातले निवटे मासे. जयवंती माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी. राईत गेले की मला ओट्यावर बसवून माझी वेणी सोडायची आणि पुन्हा घट्ट घालायची, का ते विचारलं तर म्हणायची, "तुजी आई ढिली घालते." नवरा खाडीपलीकडच्या गावचा, होडीनं जायचं सासर. हळद वाजत-गाजत झाली, बत्त्या झकास पेटल्या, विजेनं ठरल्याप्रमाणे अंतरपाटाच्या वेळी मान टाकली आणि अण्णांनी मिशीला ताव दिला. मामानं ट्रंकेतल्या त्या रोलमधून कापून भरलेल्या फिल्मवर पहिल्यांदा जयवंतीचे एकटीचे फोटो काढले, हळदीच्या अंगानं, मग मुंडावळ्या बांधून, मग नवऱ्यासोबत, आणि शेवटी पंगतीचे.

लग्नानंतर पाच दिवसांनी मुलगी माहेरी येते, त्याला तिकडे पाचपरतावण म्हणतात. ती आली की सासरचे तिला न्यायला येतात, जेवतात आणि घेऊन जातात. त्याच दिवशी मामा फोटो घेऊन राईत गेला. मीही गेले, कारण तिथे जेवण होतं. ओट्यावर जयवंतीची सासू बसली होती. खाडीपलीकडची ही बाई घर, होडी आणि तीन मुलगे एकटीनं सांभाळणारी, कमरेला चांदीचा मासा असलेला छल्ला आणि त्यात किल्ल्या. मामानं पाकीट तिच्या हातात दिलं तेव्हा त्याचा चेहरा मला जरा विचित्र दिसला. तिनं पहिला फोटो पाहिला. जयवंतीच्या तोंडावरून पांढरा धूर गेलेला. दुसरा पाहिला. धूर. तिसऱ्यात नवरा जरा बरा दिसत होता, पण बायकोच्या खांद्यावर पांढरे ठिपके. पुढे पुढे धूर विरळ होत गेला आणि पंगतीचे फोटो लख्ख, अगदी पानातली मिरची दिसावी असे.

"ह्यो धूर कनचा?" सासूनं विचारलं.

"फिल्म जरा... दमट हवा आहे ना, मावशी," मामा म्हणाला.

"दमट हवा पंगतीला न्हाय लागली ती? पोरगी एकटी हाय तवा धूर, आन चार मानसं आली का साफ." तिनं फोटो पदराला पुसून पुन्हा पाहिला. "डोल्यांना दिसत न्हाय ता फोटोन दिसतंय. हिच्या अंगावर काय तरी सावली हाय."

महादू पाटील हात जोडून काही बोलू लागले. सासूनं भांडण केलं नाही, आवाज चढवला नाही. तेच वाईट होतं. ती उठली, किल्ल्या आवळल्या आणि म्हणाली, "र्‍हाऊ दे थोडे दिस. आमी सांगतो कवा न्यायची ती." आणि सासरची मंडळी न जेवता होडीत बसून निघून गेली. मागे राहिलेलं जेवण आम्हाला बांधून दिलं, आणि ते मी खाल्लं, हेही सांगायला हवं; त्या वयात भूक आणि दुःख माझ्यात वेगवेगळ्या खोल्यांत राहायची. जयवंती चुलीपाशी पाठ करून बसली होती. तिनं माझी वेणी सोडली नाही.

घरी महाभारत झालं. अण्णा म्हणाले, "वसंता, तुझा कॅमेरा फुटका आहे." मामा म्हणाला, "भावजी, तुमच्या बत्तीचा धूर आहे तो." अण्णा म्हणाले की त्यांच्या बत्तीनं आजवर कधी धूर सोडलेला नाही, आणि ते खरंही होतं. आई दोघांनाही जेवायला वाढत होती आणि मधूनमधून म्हणत होती की निदान तिची ट्रंक तरी कोरडीठाक आहे. मामानं दुसऱ्या दिवसापासून स्टुडिओ उघडला नाही. राईत आणि राईबाहेर फोटोची बातमी अशी फिरली की फोटो न पाहिलेल्या माणसांनाही त्यात बाईची आकृती दिसू लागली.

त्याच वर्षी आमच्या शाळेत गायकवाड बाई आल्या होत्या. मराठवाड्याकडच्या, बी.एस्सी. झालेल्या, भाईंदरला खोली घेऊन एकट्या राहणाऱ्या. आम्हाला त्या "लेकरांनो" म्हणायच्या आणि वर्गात पांढऱ्या कागदावर चुंबक-लोखंडाचा कीस असल्या गोष्टी आणायच्या. मी एक खराब फोटो शाळेत मैत्रिणींना दाखवायला नेला होता. बाईंनी तो जप्त केला. मधल्या सुट्टीत मला बोलावलं तेव्हा मला वाटलं आता मार. पण त्या खिडकीपाशी फोटो डोळ्यांजवळ धरून उभ्या होत्या. "हे बघ," त्या म्हणाल्या, "या धुरात वीण दिसते का तुला? विणकामासारखी?" मला दिसली. मी म्हटलं, "मेंटलसारखी आहे." बाईंनी विचारलं, मेंटल म्हणजे काय, आणि मी आमचं सगळं घर, बत्त्या, ट्रंक, कडुनिंबाचा पाला, आईचा शालू, एका दमात सांगून टाकलं. बाई खुर्चीवर बसल्या. बाईंच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तसा मी पुढे फक्त पोटी मूल झालेल्या माणसांच्या चेहऱ्यावर पाहिला आहे.

संध्याकाळी त्या आमच्या घरी आल्या, बत्त्यांखालून वाकून. आईनं आंबोळ्या केल्या. बाईंनी खाता खाता सांगितलं की काही दगडांमधून न दिसणारे किरण सतत बाहेर पडत असतात. फ्रान्समध्ये एका शास्त्रज्ञानं असा दगड काळ्या कागदात गुंडाळलेल्या फोटोच्या काचेवर ठेवला, ऊन पडेना म्हणून खणात टाकून दिला, आणि नंतर पाहतो तर उन्हाशिवायच काच काळवंडलेली. पुढे पोलंडहून आलेल्या एका बाईनं जे मिळेल ते खनिज तपासलं तेव्हा थोरियमही तसंच निघालं. आणि मेंटलमध्ये थोरियमच असतं. "गुंडाळलेल्या रोलचा वरचा थर मेंटलला चिकटलेला, त्यावर धूर जास्त. आतल्या थरांवर कमी. म्हणून पहिले फोटो खराब, पंगत साफ. पोरीचा काही संबंध नाही."

आई विचारात पडली. "म्हणजे ते मी केलं?"

"तुम्ही आणि चातुर्मासानं मिळून," बाई म्हणाल्या.

आईला वाईट वाटावं की अभिमान, हे ठरेना. तिनं आधी पदर डोळ्यांना लावला आणि मग विचारलं, "फ्रान्समधल्या त्या माणसाला किती दिवस लागले होते?" त्याला फारच थोडे लागले होते हे ऐकून ती जराशी हिरमुसली. अण्णा मात्र वेगळ्याच काळजीत होते. "बाई, पोर सुटली पाहिजे हे खरं. पण मग लोक म्हणणार, ह्याच्या बत्तीतून किरण येतात. पोर सुटेल आणि मी अडकेन." बाईंनी त्यांना स्पष्ट सांगितलं की अंगणात पेटलेल्या बत्तीपासून भीती नाही, मात्र फुटलेल्या मेंटलची राख फुंकायची नाही, हात धुवायचे आणि ती ट्रंक मुलीच्या खाटेखालून बाहेर काढायची. अण्णा उठून बाहेर गेले. परत आले ते मेंटलची नवी कोरी पेटी घेऊन. "तपासायचंच आहे तर चांगल्यातलं घ्या," म्हणाले. मला माझे वडील त्या दिवशी फार आवडले.

सांगून सासूला पटणार नव्हतं, दाखवावं लागणार होतं. महादू पाटलांनी निरोप धाडला आणि मार्गशीर्षातल्या पौर्णिमेला सासू होडीनं राईला आली. बाई तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या. "मावशी, तुम्ही म्हणता पोरीची सावली. मी म्हणते बत्तीची जाळी. आपण दोन्ही तपासू की." मामानं आदल्या रात्रीच मोरीच्या अंधारात एकाच रोलमधून दोन पट्ट्या कापल्या होत्या, मेंटलपासून कायम दूर राहिलेल्या नव्या रोलमधून, आणि काळ्या कागदाची दोन पाकिटं केली होती. एक ट्रंकेत मेंटलच्या गठ्ठ्याखाली ठेवायचं. "आणि दुसरं," बाई म्हणाल्या, "जयवंतीनं महिनाभर उशाखाली घेऊन झोपायचं. सावली असली तर त्याच्यावर धूर येईल. नसली तर येणार नाही."

महादू पाटलांचा चेहरा उतरला. त्यांना वाटलं होतं की बत्तीला दोष देऊन काम भागेल, पोरीची परीक्षा कशाला. जयवंतीनंच पुढे होऊन पाकीट घेतलं आणि पदराखाली धरलं.

सासू सोपी नव्हती. "ट्रंकेतला काम तुमचे घरान हाय. रंग लावून ठेवशाल." मग तिनंच तोड काढली. कमरेचा छल्ला सोडला, किल्ल्या काढून पदराला बांधल्या आणि चांदीचा मासा पुढे केला. "ह्यो ठेवा मधी. तुमचा किरण हाय ना, त्याला बगू दे माजा म्हावरा दिसतो का." बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी तिचा हातच धरला. आमच्या घरी पाकिटावर मासा, माशावर मेंटलचे गठ्ठे, अशी रचना झाली, ट्रंकेला कुलूप लागलं आणि किल्ली सासू घेऊन गेली. ती होडीत बसल्यावर आईच्या लक्षात आलं की तिचा शालूही आत आहे आणि काशीगावच्या भाच्याचं लग्न चार दिवसांवर आलंय. आई त्या लग्नात शेजारणीची साडी नेसून गेली आणि विचारणाऱ्या प्रत्येकीला म्हणाली, "माझा शालू प्रयोगात आहे."

तो महिना जाता जाईना. पौष लागतच होता, त्यामुळे सून घरी न नेण्याला सासूकडे आयतं कारण होतं आणि महादू पाटलांकडे लोकांना सांगायला आयतं उत्तर. मी शाळेतून दर दोन-चार दिवसांनी वाट वाकडी करून राईत जायची. जयवंती शेतावर जायची, भाकऱ्या थापायची, हसायचीसुद्धा. एकदा मी विचारलं की पाकीट नीट आहे ना. ती मला आत घेऊन गेली, उशी उचलून दाखवलं. पाकिटावर तिनं जुन्या साडीचा तुकडा शिवून घातला होता. "उजेड जाईल आत ना, तर?" ती म्हणाली. "मंग माजीच सावली म्हनतील." मला तोवर हा सगळा खेळ वाटत होता. काळ्या कागदाला बारीक भोक पडलं असेल, तिच्या घामानं फिल्म डागाळली असेल, मामाचा हात थरथरला असेल, तर एका मुलीचं सगळं संपलं, हे मला तिच्या त्या उशीपाशी पहिल्यांदा कळलं आणि मला भीती वाटली. बाईंनाही वाटत असणार. त्या महिन्यात वर्गात त्या दोनदा एकच धडा शिकवून गेल्या.

मी आता सिल्व्हर पार्कमध्ये सातव्या मजल्यावर राहते. वीज गेली तर इमारतीचा जनरेटर सुरू होतो आणि आमच्या वॉचमनला तेवढाही अंधार सहन होत नाही. दर थोड्या वर्षांनी पेपरात येतं की आपल्या किनाऱ्यांवरच्या वाळूत एवढं थोरियम आहे की त्याच्यावर अणुवीज करून सगळा देश उजळेल. शेजारचे मेहताभाई मला विचारतात, "आंटी, सच्ची में होगा क्या?" मी म्हणते होईल, हळूहळू होईल. मेंटलमध्ये आता थोरियम घालत नाहीत, दुसरं काही निरुपद्रवी वापरतात. पूर्वी कॅमेऱ्याच्या भिंगांतही ते असे, वेल्डिंगच्या काड्यांतही. मला मात्र थोरियम म्हटलं की काळ्या कागदावर शिवलेला साडीचा तुकडा आठवतो, आणि तो कोणत्याही पुस्तकात नाही.

पौषातली पौर्णिमा आली. सकाळीच सासू होडीनं उतरली, सोबत धाकटा मुलगा. महादू पाटील चालत आले, जयवंती बरीच मागून. जयवंती कोणाच्या लक्षात येणार नाही अशी येऊन दाराशी टेकली. सासूनं स्वतः कुलूप काढलं, स्वतः मासा उचलून कमरेला खोचला, स्वतः पाकीट घेतलं. जयवंतीनं दातानं शिवण तोडून आपलं पाकीट मामाला दिलं. डार्करूमच्या दाराशी मामानं सांगितलं की आत पाकिटं उघडताच तो दोन्ही पट्ट्यांचे कोपरे वेगवेगळे कापेल, ट्रंकेतल्या पट्टीला एक खाच, उशीतल्या पट्टीला दोन, म्हणजे अंधारातही अदलाबदल होणार नाही. मग तो म्हणाला की फिल्म पुऱ्या अंधारात धुवायची असते, बाहेर थांबा. सासू म्हणाली, "मी हितंच बसनार." मग अण्णा म्हणाले तेही बसणार, आणि आई, आणि बाई. त्या मोरीत एक माणूस जेमतेम मावायचा. दार लावलं, फटीला घोंगडी लावली. मिट्ट काळोख. कोणाचा तरी कोपर माझ्या बरगडीत, आईच्या केसांना खोबरेल, अण्णांना रॉकेल, सासूला सुक्या बोंबलांचा वास, आणि मामाच्या रसायनांचा आंबट दर्प या सगळ्यांवर. मामा पुटपुटत आकडे मोजत होता. मध्येच अण्णांना शिंक आली आणि मामाची मोजणी चुकली. "भावजी," तो रडवेल्या आवाजात म्हणाला. "सत्तर," सासू अंधारातून म्हणाली. तीही मोजत होती.

शेवटी मामानं बल्ब लावला. पहिली पट्टी त्यानं वर धरली. फोटोत जे पांढरं येतं ते फिल्मवर काळं असतं, तशी ती सगळी काळीकुट्ट झाली होती, आणि त्या काळ्यात जाळीची वीण दिसत होती, आणि मधोमध, जिथे चांदीनं किरण अडवले होते तिथे, पारदर्शक मासा. खवल्यांच्या रेघा नव्हत्या, डोळा नव्हता, पण शेपटी होती आणि पोट होतं. सासूनं कमरेचा मासा काढून त्याच्याशेजारी धरला. मामानं दुसरी पट्टी पाण्यातून काढली. घाईत ती निसटू नये म्हणून बाईंनी त्याचं मनगट धरलं. पट्टी कोरी होती. कोपऱ्यात दोन खाचा, बाकी काही नाही. तिच्यातून मोरीची भिंत दिसत होती, बल्ब दिसत होता, सासूचं तोंड दिसत होतं. महादू पाटील दाराबाहेर उभे होते, ते दार ढकलून आत डोकावले आणि मोठ्यानं रडले. मला वाटतं बाईही रडल्या, पण त्यांनी ते रसायनावर ढकललं.

सासू दोन्ही पट्ट्या घेऊन अंगणात उन्हात गेली. एकदा ही, एकदा ती, असं बराच वेळ बघत राहिली. तिनं माफी मागितली नाही. बाईंना शाबासकीही दिली नाही. अण्णांना एवढंच म्हणाली, "माघात धाकट्याचा लगीन हाय. बत्त्या तुमच्याच. तेवढा त्यांना रोलापासून लांब ठेवा." मामा म्हणाला की तो जयवंतीचे सगळे फोटो पुन्हा काढून देईल, आत्ता काढतो, ताजमहालासमोर. सासूनं खाडीच्या दिशेनं पाहिलं. मिठागरांच्या पलीकडे पाणी चढू लागलं होतं.

"फोटो मागनं," ती म्हणाली. मग दाराकडे न बघताच हाक मारली, "चल गो. पानी भरतंय. होडी निघंल."

महादू पाटील गडबडले. पोरीची तयारी नाही, कपडे घरी आहेत, राईला जाऊन यायचं तर भरती निघून जाईल, असं ते हात हलवत सांगू लागले. जयवंती तोवर आमच्या खोलीत शिरली होती. दारामागून तिनं कपड्यांचं बोचकं बाहेर ओढलं, चांगलं भरलेलं, घट्ट गाठ मारलेलं. सकाळी येतानाच ती ते घेऊन आली होती आणि कोणाला दिसू नये म्हणून तिथे लपवून ठेवलं होतं.